तालुविस्तारकांची तुलना : नामभेद आणि वस्तुभेद

१

तुलना ही शास्त्राची नित्याची कृती आहे, आणि म्हणूनच तिच्या अटींकडे बहुधा दुर्लक्ष होते. ज्या दोन वस्तूंची तुलना करावयाची त्या कोणत्या धर्माने समान आहेत व कोणत्या धर्माने भिन्न आहेत हे आधी निश्चित झाले नाही, तर तुलनेतून निघणारा निर्णय वस्तूंविषयीचा न राहता त्यांच्या नावांविषयीचा होतो. दातांची व जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या शास्त्रात, म्हणजे ऑर्थोडाँटिक्समध्ये, तालुविस्तारकांविषयी १९६० नंतर जे विपुल तुलनात्मक वाङ्मय निर्माण झाले, त्याचे परीक्षण या दृष्टीने उद्बोधक ठरते. कोणता तालुविस्तारक श्रेष्ठ, हा प्रश्न त्यात पुनःपुन्हा विचारला गेला. परंतु ‘कोणता’ या सर्वनामाने नेमका कशाचा निर्देश होतो हे क्वचितच स्पष्ट केले गेले.

हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. हे उपकरण मुलांच्या तोंडात कित्येक महिने राहते, हाडांच्या सांध्यावर काम करते, आणि अयोग्य वयात किंवा अयोग्य आधारावर बसविले गेले तर दातांभोवतीचे हाड झिजविते. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाचा या विषयाशी दुहेरी संबंध येतो. नाव आणि नामी यांचे नाते हा त्याच्या शास्त्राचा विषय आहे. शिवाय ज्या टाळूवर हे उपकरण बसते तीच टाळू वर्णोच्चाराचे स्थान आहे.

मराठीत ‘टाळू’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. तोंडाचे छत ही टाळू, आणि तान्ह्या मुलाच्या माथ्यावरील मऊ जागा हीही टाळू. माथ्यावरील टाळू कालांतराने भरून येते हे घरोघरी ठाऊक असते. तोंडातील टाळूचीही कथा काहीशी तशीच आहे, हे मात्र तितकेसे परिचित नाही. कठीण टाळू एकसंध हाडाची नसते. वरच्या जबड्याचे उजवे व डावे अंग मध्यरेषेवर तंतुमय सांध्याने जोडलेले असते, आणि हा मध्यसंधी बालपणी सैल असून वयोमानानुसार घट्ट होत जातो. काही मुलांत वरचा जबडा खालच्या जबड्याच्या मानाने अरुंद राहतो. त्यामुळे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेर बसण्याऐवजी आत बसतात. अशा वेळी मध्यसंधीच्या दोन्ही बाजूंस दाब देऊन तो उघडावयाचा, उघडलेल्या फटीत नवे हाड तयार होऊ द्यावयाचे व तोवर उपकरण तसेच ठेवावयाचे, अशी ही चिकित्सा आहे. सांधा उघडल्याची खूण समोरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये दिसते. तेथे फट पडते आणि पुढे ती बहुतांशी आपोआप मिटते.

२

या चिकित्सेचा आरंभ १८६० मध्ये झाला. अमेरिकेतील एमर्सन एंजेल यांनी त्या वर्षी ‘डेंटल कॉसमॉस’ या नियतकालिकात एका मुलीची हकिगत प्रसिद्ध केली. मुलीचे वय साडेचौदा वर्षांचे होते. तिच्या उपदाढांच्या दरम्यान टाळूवर आडवे मळसूत्र बसविण्यात आले व ते फिरविण्याचे काम तिच्याकडेच सोपविण्यात आले. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दातांत फट पडली. एंजेल यांनी यावरून जबड्याची हाडे विलग झाल्याचे अनुमान केले. समकालीनांना ते पटले नाही, आणि क्ष-किरणांचा शोध १८९५ पर्यंत लागलेला नसल्यामुळे त्यांना पटविण्याचे साधनही उपलब्ध नव्हते. पुढे प्रसिद्धीस आलेल्या एडवर्ड अँगल यांच्याशी नावाच्या साधर्म्यामुळे एंजेल यांची गल्लत होते, हेही येथे नोंदविणे इष्ट आहे.

या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली ती अँड्र्यू हास यांच्या १९६१ मधील लेखाने. हास यांनी आधी डुकरांवर प्रयोग केले व नंतर रुग्णांवरील निष्कर्ष मांडले. त्यांच्या उपकरणात पहिल्या दाढांना व पहिल्या उपदाढांना धातूचे पट्टे असतात, आणि मळसूत्राच्या दोन्ही बाजूंस ॲक्रिलिकच्या गाद्या टाळूच्या उतारावर टेकलेल्या असतात. दाब दातांवरच न पडता टाळूवरही पडावा, म्हणजे दात बाहेर कलण्याऐवजी हाडे सरकतील, ही त्यामागील उपपत्ती होय. १९६८ मध्ये विल्यम बीडरमन यांनी गाद्या काढून टाकल्या. केवळ तारा व मळसूत्र एवढेच ठेवल्यामुळे टाळू मोकळी राहिली, अन्न अडकेनासे झाले आणि स्वच्छता सोपी झाली. ‘हायजिनिक रॅपिड एक्स्पँडर’ या शब्दांच्या संकोचातून त्या उपकरणाचे ‘हायरॅक्स’ हे नाव तयार झाले.

याच काळात एक वेगळी परंपराही चालू होती. तिच्यात मळसूत्र नसून तारेची लवचिकता हे बलाचे उगमस्थान आहे. वॉल्टर कॉफिन यांची एकोणिसाव्या शतकातील स्प्रिंग हा तिचा पूर्वावतार असून, १९७५ मध्ये रॉबर्ट रिकेट्स यांनी वर्णिलेले ‘क्वाड हेलिक्स’ हे तिचे सर्वांत प्रचलित रूप आहे. त्यात तारेचे चार वेढे असतात व ते सौम्य पण अखंड दाब देतात. १९९३ मध्ये वेंडेल आर्न्ट यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारेचा विस्तारक पुढे आणला. ही तार थंड असता मऊ राहते व तोंडाच्या उष्णतेने आपला मूळ आकार धारण करू पाहते. याशिवाय दाढांच्या चावण्याच्या पृष्ठभागावर ॲक्रिलिकचे आच्छादन चिकटवून त्यातच मळसूत्र बसविण्याची ‘बॉन्डेड’ पद्धती रूढ झाली. अखेरीस दातांचा आधार टाळून थेट टाळूच्या हाडात सूक्ष्म स्क्रू रोवण्याचा मार्ग निघाला. दक्षिण कोरियातील ली व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये एका प्रौढ रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केल्यानंतर त्यास विशेष चालना मिळाली, आणि आद्याक्षरांवरून ‘मार्पे’ हे त्याचे नाव रूढ झाले.

३

आता या नावांकडे एकत्र पाहिले असता काय दिसते? ‘हास’ हे नाव व्यक्तीवरून पडले आहे. ‘हायरॅक्स’ हे गुणावरून, ‘क्वाड हेलिक्स’ हे आकृतीवरून, ‘बॉन्डेड’ हे जोडण्याच्या रीतीवरून आणि ‘मार्पे’ हे आधारावरून पडले आहे. पाच नावे, आणि विभाजनाची पाच निरनिराळी तत्त्वे. न्यायशास्त्रात ज्यास सांकर्य म्हणतात तो दोष येथे उघड आहे : परस्परांना छेदणाऱ्या जाती एकमेकांशेजारी मांडून त्या परस्परभिन्न असल्याचे गृहीत धरलेले आहे. हायरॅक्सचे मळसूत्र ॲक्रिलिकच्या आच्छादनात बसविता येते. मग ते उपकरण ‘हायरॅक्स’ की ‘बॉन्डेड’? हेच मळसूत्र पुढे दोन सूक्ष्म स्क्रूंवर व मागे दोन दाढांवर टेकविता येते आणि त्यास ‘हायब्रिड हायरॅक्स’ म्हणतात. म्हणजे ‘हायरॅक्स’ या एकाच संज्ञेखाली केवळ दातांवर, दातांच्या आच्छादनावर, आणि अंशतः हाडावर उभी असलेली तीन उपकरणे येतात. लक्षणाची ही अतिव्याप्ती होय. ‘हायरॅक्सपेक्षा बॉन्डेड बरे’ असे विधान जेव्हा एखाद्या लेखात येते, तेव्हा मळसूत्राची तुलना डिंकाशी केल्यासारखे होते.

‘शीघ्र’ या विशेषणाचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. मळसूत्राला एक पाव फेरा दिला असता ते साधारणतः पाव मिलिमीटर उघडते. दिवसातून दोन पाव फेरे दिले तर त्यास शीघ्र विस्तार म्हणतात; आठवड्यास सुमारे एक मिलिमीटर विस्तार झाला तर तो मंद. हा धर्म फिरविणाऱ्याच्या हाताचा आहे, उपकरणाचा नव्हे. हासचे उपकरण मंद गतीने फिरविता येते व तसे फिरविलेही जाते. तरीही ‘शीघ्र विस्तारक’ हे उपकरणाचेच नाव होऊन बसल्यामुळे, हायरॅक्स आणि क्वाड हेलिक्स यांच्या तुलनेत जो फरक आढळतो तो उपकरणाचा, बलाच्या प्रकाराचा की गतीचा, हे सांगणे दुरापास्त होते. मिनेसोटा येथील आयझॅकसन व त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये मळसूत्राचा दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा एकेका फेऱ्यातून सुमारे ३ ते १० पौंडांचे बल निर्माण होते असे दिसून आले. क्वाड हेलिक्सचे बल काही शे ग्रॅमांचे असते. म्हणजे बलाचे परिमाण आणि गती हे दोन्ही घटक एकाच वेळी बदललेले असतात, आणि निष्कर्ष मात्र नावाच्या खाती जमा होतो.

‘हायजिनिक’ या शब्दाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. नावातच प्रशस्ती गोवलेली असली की परीक्षेपूर्वी निकाल लागल्यासारखे होते. टाळू मोकळी राहिल्याने ती स्वच्छ ठेवणे सुकर होते, हे खरे. परंतु ज्या गाद्यांमुळे अस्वच्छता होते त्याच गाद्यांनी दातांवरील भार हलका होतो, असे हास यांचे प्रतिपादन होते. बीडरमन यांचे नाव एक गुण घोषित करते आणि त्या गुणासाठी काय दिले गेले याविषयी मौन पाळते. मूल्यवाचक नामकरण हा केवळ जाहिरातीचा दोष नाही. वर्णनपर शास्त्रातही तो नकळत शिरतो, आणि तेथे तो अधिक घातक असतो.

यावर उपाय म्हणून नावे टाकून द्यावीत असे सुचविण्याचे कारण नाही. रूढ नावे राहोत. तुलना मात्र धर्मांची व्हावी. तसे चार धर्म सहज सांगता येतात. उपकरण कशाच्या आधारावर उभे आहे : दात, दात व टाळूची त्वचा, की हाड? बल कोठून येते : मळसूत्रातून थांबून थांबून, की तारेतून अखंड? विस्ताराची गती किती? आणि तोंडाचा कोणता भाग झाकला जातो? एका तुलनेत यांपैकी एकच धर्म बदलावा व इतर तीन स्थिर राहावेत, ही साधी अपेक्षा आहे. प्रकाशित वाङ्मयाचा मोठा भाग ती पूर्ण करीत नाही.

४

ही अपेक्षा जेथे पूर्ण झाली आहे त्या तुलनाही निरपवाद नाहीत. पण त्यांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दुसरा प्रश्न असा की मोजावयाचे काय? मळसूत्र सात मिलिमीटर उघडले म्हणजे हाडे सात मिलिमीटर विलग झाली असे होत नाही. मळसूत्र आणि मध्यसंधी यांच्यामध्ये दात आहेत, दातांची मुळे ज्यात बसली आहेत ते हाड आहे, आणि ही सर्व थोडीथोडी वाकतात, कलतात व सरकतात. डेन्मार्कमधील आर्ने क्रेब्स यांनी जबड्याच्या हाडात धातूच्या सूक्ष्म खुणा बसवून १९५८ पासून जे अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांनी या गोष्टीस प्रथम संख्येचा आधार दिला. एकूण विस्तारापैकी बराचसा भाग दातांच्या सरकण्याचा असून, वय वाढत जाते तसतसा हाडांचा वाटा कमी होत जातो, असे त्यांत दिसले. तेव्हापासून प्रामाणिक तुलनेचे माप ‘किती विस्तार झाला’ हे नसून ‘फिरविलेल्या मळसूत्रापैकी किती अंश हाडापर्यंत पोहोचला’ हे असावयास हवे होते.

ब्राझीलमधील डॅनिएला गारिब व त्यांचे सहकारी यांचा २००५ मधील अभ्यास या मापाने तपासण्याजोगा आहे. त्यात ११ ते १४ वर्षांच्या आठ मुली होत्या. चौघींना हास पद्धतीचे व चौघींना हायरॅक्स पद्धतीचे उपकरण बसविले होते. मळसूत्र दोन्हीकडे सारखेच, म्हणजे पूर्ण सात मिलिमीटर, उघडले होते. गती व बल समान, वय जवळजवळ समान, आणि भेद केवळ टाळूवरील गादीचा. आखणी म्हणून ही तुलना निर्दोषाच्या जवळ जाते. सीटी चित्रांवरून असे आढळले की विस्तार दातांच्या पातळीवर सर्वाधिक असून वर जावे तसतसा तो कमी होत जातो. नाकाच्या तळाशी तो मळसूत्राच्या उघडण्याच्या सुमारे एकतृतीयांश भरतो. हाडांवरील परिणाम दोन्ही उपकरणांत सारखेच दिसले. विशेष असे की आधाराच्या दातांचे कलणे हास पद्धतीत अधिक आढळले, पहिल्या उपदाढांत तर विशेषच. ज्या गादीने कलणे कमी व्हावे अशी उपपत्ती होती, तिच्याच बाजूस कलणे अधिक!

याच गटाने २००६ मध्ये दातांभोवतीच्या हाडाकडे लक्ष दिले. आधाराच्या दातांच्या गालाकडील हाडाची भिंत ०·६ ते ०·९ मिलिमीटरने पातळ झाली होती, आणि ज्यांची भिंत मुळातच पातळ होती त्यांच्यात मुळे काही ठिकाणी हाडाबाहेर उघडी पडली होती. येथे मात्र पहिल्या उपदाढांजवळच्या हाडाची उंची हायरॅक्स पद्धतीत अधिक घटलेली आढळली. म्हणजे कलण्याच्या मापाने हास उणे, तर हाडाच्या उंचीच्या मापाने हायरॅक्स उणे. कोणते श्रेष्ठ, या प्रश्नास एकवचनी उत्तर नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

तथापि या अभ्यासाची मर्यादाही तितकीच स्वच्छ आहे. चार विरुद्ध चार एवढ्या अल्प संख्येवरून ‘भेद आढळला नाही’ असे म्हणता येते. ‘भेद नाही’ असे म्हणता येत नाही. ही दोन वाक्ये व्याकरणदृष्ट्या एकमेकांजवळची असली तरी अर्थदृष्ट्या फार दूरची आहेत. मूळ लेखातील विधान संयत असले, तरी पुढच्या लेखांत ते उद्धृत होताना पहिल्या वाक्याचे दुसऱ्यात रूपांतर होणे सहज शक्य असते. संशोधनाच्या वाङ्मयात असे अर्थांतर उद्धरणाच्या वाटेवरच घडते, आणि ते पकडण्यास सांख्यिकीपेक्षा काळजीपूर्वक वाचनाची अधिक गरज असते.

५

दातांवर आधारलेले उपकरण चांगले की हाडावर आधारलेले, या तुलनेत वरवर पाहता उघड विरोध आढळतो. लाग्रावेर व त्यांचे सहकारी यांनी कॅनडात केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत किशोरवयीन रुग्णांत दोन्ही पद्धतींचे परिणाम सारखेच आढळले. दोहोंतही दातांचा विस्तार हाडांच्या विस्ताराहून अधिक होता. उलट लिन व त्यांचे सहकारी यांच्या २०१५ मधील अभ्यासात हाडावर आधारलेल्या उपकरणाने हाडांचा विस्तार अधिक व दातांवरील अनिष्ट परिणाम कमी झाल्याचे दिसले. एका चाचणीवरून स्क्रू रोवण्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो, दुसरीवरून तो आवश्यक ठरतो. उपकरणांच्या नावांवर नजर खिळलेली असेल तर या दोहोंतील एक खोटी मानावी लागेल.

परंतु लिन यांच्या अभ्यासाच्या शीर्षकातच विरोधाचा परिहार आहे : त्यातील रुग्ण किशोरावस्थेच्या उत्तरार्धातील होते. जोवर मध्यसंधी सैल आहे तोवर दातांवर दिलेला दाबही हाडापर्यंत पोहोचतो, आणि आधार बदलल्याने फारसे काही साधत नाही. सांधा घट्ट झाला की दाबाला हाडाकडे जाण्याची वाट मिळत नाही. तो दातांना कलवितो, आणि तेव्हा आधार हाडात असण्याला खरा अर्थ येतो. म्हणजे तुलनेतील निर्णायक घटक उपकरणात नसून ज्याच्या तोंडात ते बसवावयाचे त्याच्या टाळूत आहे. दोन्ही चाचण्या आपापल्या ठिकाणी खऱ्या असू शकतात. विरोध दिसतो तो ‘विस्तारक’ या कर्त्याची सर्व क्रिया त्याच्याच अंगची मानल्यामुळे.

ही घट्ट होण्याची क्रिया तरी वयाच्या आकड्याने ठरते काय? बिर्टे मेलसेन यांनी १९७५ मध्ये मृतदेहांतील टाळूच्या सूक्ष्म परीक्षणावरून सांध्याच्या तीन अवस्था वर्णिल्या. बाल्यात तो रुंद व सरळ असतो, पुढे नागमोडी होतो, आणि किशोरावस्थेत दोन्ही बाजूंची हाडे एकमेकांत दातेरी गुंतून जातात. पर्सन आणि थिलांदर यांनी १९७७ मध्ये १५ ते ३५ वर्षांच्या व्यक्तींतील सांधे तपासले तेव्हा व्यक्तिव्यक्तींतील तफावत फार मोठी आढळली. पंधराव्या वर्षीच सांधा ठिकठिकाणी जुळू लागल्याची, तर त्याहून पुष्कळ मोठ्या वयातही तो जुळला नसल्याची उदाहरणे त्यांत होती. २०१३ मध्ये अँजेलिएरी व त्यांचे सहकारी यांनी त्रिमिती क्ष-किरण चित्रांवरून सांध्याच्या पाच पायऱ्या ठरविल्या, त्या याच अडचणीवर उपाय म्हणून. तरीही बहुसंख्य तुलनांत रुग्णांची वर्गवारी वर्षांनीच केलेली असते. वर्षे मोजणे सोपे आहे. पण ज्याचा परिणाम अभ्यासावयाचा ते वर्षांत नसून सांध्यात आहे. भाषेच्या बदलाचा अभ्यास करताना केवळ इसवी सनाने कालखंड पाडण्यात जो दोष येतो, तोच येथे वेगळ्या वेषात आला आहे.

नीट विचारलेल्या प्रश्नास नीट उत्तर मिळते, याचेही एक उदाहरण येथे द्यावयास हवे. दाढांच्या उलट्या ठेवणीवरील उपचारांचा कॉक्रेन संस्थेच्या वतीने २०१४ मध्ये जो साकल्याने आढावा प्रसिद्ध झाला, त्यात लहान मुलांमध्ये काढता न येणारे क्वाड हेलिक्स हे काढता येणाऱ्या विस्तारपट्टीपेक्षा अधिक यशस्वी ठरते असा निर्णय दिला गेला. मळसूत्राच्या विविध उपकरणांतील श्रेष्ठकनिष्ठता ठरविण्याइतका पुरावा मात्र त्यांना आढळला नाही. पहिल्या तुलनेत भेद ठळक आहे. काढता येणारी पट्टी मुलाच्या इच्छेवर अवलंबून राहते, स्थिर उपकरण तसे राहत नाही. म्हणूनच उत्तर हाती लागले. दुसऱ्या गटात नावे पुष्कळ व धर्मांचे विवेचन अल्प, म्हणून तेथे उत्तर नाही.

६

आतापर्यंतच्या मापांत हाड व दात हेच आले. टाळूचे एक कार्य असे आहे की जे बहुतेक तुलनांत तळटीपेपुरतेच उरते, आणि ते म्हणजे उच्चार. २०१० मध्ये दे फेलिपे व त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या रचनांचे विस्तारक वापरणाऱ्यांना अस्वस्थता, बोलणे व चावणे यांविषयी प्रश्न विचारले. पहिल्या काही दिवसांत बहुतेकांना त्रास झाला, सुमारे आठवड्याभरात तो निवळू लागला, आणि रचनेप्रमाणे त्यात लक्षणीय फरक पडला नाही, असा त्याचा आशय आहे. २०११ मध्ये टोरांटो येथील स्टीव्हन्स व त्यांचे सहकारी यांनी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण केले. उपकरण बसविताच उच्चार बिघडला, पुढे तो सुधारत गेला आणि उपकरण काढल्यावर पूर्ववत् झाला. ‘इ’ या स्वराचे स्थान मुखाच्या मध्याकडे सरकल्याचे व ‘श’ सारख्या घर्षकाचा ध्वनिपट खाली आल्याचे मापनात दिसले.

या दोन अभ्यासांतील साधनभेद महत्त्वाचा आहे. प्रश्नावलीतून बोलणाऱ्याची स्वतःविषयीची जाणीव कळते, ध्वनी कळत नाही. आपला ‘श’ बिघडला आहे हे बोलणाऱ्यास कळण्यापूर्वीच ते ऐकणाऱ्यास कळते. तेव्हा ‘रचनेप्रमाणे फरक नाही’ हा निष्कर्ष स्थूल साधनाचा परिणाम असण्याची शक्यता शिल्लक राहते. शिवाय ज्या भाषेत मोजमाप करावयाचे तिच्या वर्णव्यवस्थेवर पुष्कळ अवलंबून आहे. इंग्रजीत जिभेचा टाळूशी जितका व्यवहार आहे त्याहून मराठीत तो अधिक व निराळा आहे. ‘मूर्धन्य’ ही प्राचीन संज्ञा मुखाच्या छताकडेच निर्देश करते. ‘ट’, ‘ण’, ‘ळ’ यांसाठी जिभेचे टोक मागे वळून दंतमूलांच्या पलीकडे टाळूच्या उताराकडे जाते. ‘च’ आणि ‘ज’ यांचे मराठीत दोन उच्चार आहेत, तालव्य व दंततालव्य, आणि त्यांवर अर्थभेद अवलंबून असतो. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि जगण्याची आज्ञा देणारा ‘जग’ लेखनात एक आहेत. त्यांना वेगळे ठेवते ती केवळ जिभेची टाळूवरील जागा.

अशा भाषेत टाळू झाकणारी गादी व टाळू मोकळी ठेवणारी तार यांत भेद पडतो की नाही, हे पाहण्यास ‘वेल’ व ‘वेळ’, ‘मन’ व ‘मण’, ‘पात’ व ‘पाट’, ‘साप’ व ‘शाप’ अशा जोड्या ऐकणाऱ्यांपुढे ठेवून त्या ओळखता येतात काय हे तपासणे हा सरळ मार्ग आहे. तपासणी उपकरण बसविण्यापूर्वी, बसविताच, आठवड्याने, महिन्याने आणि काढल्यावर अशी व्हावी. टाळूवर जीभ कोठे टेकली याचा ठसा घेण्याची पद्धत ध्वनिविज्ञानात जुनी आहे. मात्र उपकरण बसलेल्या टाळूवर ती जशीच्या तशी लागू पडणार नाही, म्हणून येथे ध्वनिमुद्रण व श्रवणपरीक्षा यांवरच भर द्यावा लागेल. मळसूत्र टाळूच्या मध्यभागी लटकते, गादी उतारावर बसते, क्वाड हेलिक्सचे पुढचे वेढे जिभेच्या टोकाच्या वाटेत येतात, तर बॉन्डेड आच्छादन दाढा मिटू देत नाही. चार रचना चार वेगळ्या वर्णगटांना अडथळा करतील असे अनुमान करण्यास आधार आहे. ते अनुमान खरे की खोटे, हे वर्णांनुसार मोजल्याशिवाय ठरणार नाही, आणि ‘बोलण्यास त्रास’ या एका सदराखाली ते कधीच उघड होणार नाही.

७

या सर्व विवेचनातून निघणारा निर्णय उपकरणांच्या बाजूचा किंवा विरुद्धचा नाही. तालुविस्ताराची उपयुक्तता प्रस्थापित आहे. एंजेल यांनी १८६० मध्ये जे अनुमानाने जाणले ते पुढच्या शतकात चित्रांनी सिद्ध केले. दोष आहे तो तुलनेच्या रीतीत. नावांच्या जोड्या लावून केलेल्या तुलनांची संख्या वाढविल्याने हा दोष दूर होणार नाही. आधार, बल, गती व आच्छादन यांपैकी कोणता धर्म तपासला जात आहे हे प्रत्येक अभ्यासाने प्रथम सांगावे. रुग्णाच्या सांध्याची अवस्था वर्षांऐवजी प्रत्यक्ष पाहून नोंदवावी. मळसूत्राच्या उघडण्यापैकी किती अंश हाडापर्यंत पोहोचला आणि त्यासाठी दातांभोवतीचे किती हाड खर्ची पडले, हे दोन आकडे शेजारीशेजारी द्यावेत. उच्चाराचे मापन रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत व्हावे.

चिकित्सकापुढे बसलेले आईबाप बहुधा एवढेच विचारतात की यांतले चांगले कोणते. प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्यास उपकरणाचे नाव सांगून उत्तर देणे सोयीचे आहे. परंतु अकरा वर्षांच्या मुलीस जे पुरेसे आहे तेच सतरा वर्षांच्या मुलीच्या दातांना अपायकारक ठरू शकते, आणि दोघींच्या कागदांवर उपकरणाचे नाव एकच असेल. या वाङ्मयाने चिकित्सकास देण्याजोगे उत्तर पुरवावयाचे असेल तर त्याचा आरंभ मुलीच्या मध्यसंधीपासून व्हावयास हवा. मळसूत्राची निवड त्यानंतरची आहे.